चार बरण्या आणि सासूबाई

सोमवार, ३ मार्च

पुरवणीच्या संपादिकेचा फोन आला. वयाने माझ्या भाचीएवढी, पण मला 'सर' म्हणते आणि मग हवे ते करायला लावते.

"सर, सांस्कृतिक पान सध्या थांबवलंय. तोवर घरसंसाराच्या पानावर लिहा ना. स्वयंपाकघर, बाथरूम, तिथले चिवट डाग. घासायच्या पावडरींची तुलना. तुमची भाषा इतकी शुद्ध आहे, तुम्हालाच शोभेल."

शुद्धीची ही व्याप्ती आमच्या गुरुजींच्या ध्यानात कधी आली नव्हती. संस्कृत घेऊन एम. ए. झालो तेव्हा ते म्हणाले होते, आता तुला कोणत्याही विषयात गती मिळेल. त्यांच्या डोळ्यांसमोर सिंक नसावे.

ही उद्या आठवडाभराच्या दौऱ्यावर निघते. ही लिफ्ट-निरीक्षक आहे. गावोगावच्या इमारतींत जाऊन लिफ्टचे दोर आणि ब्रेक तपासते, नापास होईल तिला सील ठोकते. आणि उद्याच सासूबाई येत आहेत. त्यांच्या इमारतीतले पाण्याचे पाइप बदलायचे आहेत.

"आईकडे जरा लक्ष ठेव," बॅग भरता भरता ही म्हणाली. "शेजारच्या काकू सांगत होत्या, ती दोनदा त्यांच्या दाराला किल्ली लावत उभी होती. तिला आता एकटं राहणं झेपतंय का, एवढंच मला कळायला हवं. नसेल झेपत तर इथेच ठेवून घेऊ."

"त्या राहतील?"

"भांडेल. म्हणून तर आधी खात्री हवी. इतकी वर्षं बातमीदारी केलीस ना? मग बघ की."

जन्मभर निरीक्षणावर पोट भरणाऱ्याला हे सांगावे लागते. असो.

मंगळवार, ४ मार्च

सासूबाई आल्या. मोठ्या रुग्णालयात मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या, पण निवृत्तीची वार्ता त्यांच्या आवाजापर्यंत अजून पोहोचलेली नाही. म्हणतात, त्यांच्या वॉर्डात शिरण्यापूर्वी सर्जन बूट पुसत. आत येताच त्यांनी दाराच्या चौकटीवरून बोट फिरवले, ते अंगठ्यावर चोळले आणि पदराला पुसले. हे बोलण्यापेक्षा वाईट.

"पाइप झाले की मी चालले, जावईबापू. आधीच सांगून ठेवते. तुमच्या बायकोचा विचार काय आहे ते मला माहीत आहे."

"छे, आई, तिचा कसला विचार?"

"तुमचं थापा मारायचं अंग नाही. पेपरात कसे टिकलात?"

विषय बदलावा म्हणून कामाचे सांगितले. त्यांची कळी खुलली. "घासण्यातलं काय ते मला विचारा. मी मजले घासून घेतलेत."

पूर्वग्रह नको म्हणून परीक्षा झाकून घ्यायची ठरवली. सगळ्या डब्यांवर गोडगोड आश्वासने छापलेली असतात, ती वाचली की मन कलुषित होते. म्हणून स्वयंपाकघरातल्या एकसारख्या चार बरण्या रिकाम्या करून त्यांत चार चूर्णे भरली. एक नुसती दगडाच्या भुकटीची, एक ब्लीच मिसळलेली, एक खाण्याचा सोडा, एक गंजाचे डाग काढणारी. झाकणांवर क, ख, ग, घ लिहिले. खरी नावे बरण्यांच्या बुडाला चिकटवली. नावे चिकटवल्यावर डोळे मिटून बरण्यांची अदलाबदल केली आणि मगच झाकणे लावली, म्हणजे मलाही काही कळू नये. अशी निरपेक्षता मी विद्वानांच्या सत्काराच्या बातम्या लिहितानाही पाळली नव्हती.

बरण्या फळीवर डावीकडून क्रमाने लावल्या. चहा-साखरेच्या बरण्या पलीकडे सरकवल्या. वर्णमालेचा क्रम मोडवत नाही.

गुरुवार, ६ मार्च

सिंकचे चिकटपट्टीने चार समान भाग केले. प्रत्येक भागावर चहाचा चोथा वाळू दिला आणि प्रत्येकी एक चूर्ण घेऊन घासले. घासणी तीच, दाब तोच, हात तोच. हात आता दुखतो, तोही एकच.

सासूबाईंची परीक्षणपद्धती माझ्याहून प्रगत निघाली. मी वाकून, चष्मा सारून बघत होतो. त्यांनी डोळे मिटले, चारही भागांवरून बोटांची टोके फिरवली आणि म्हणाल्या, "हा खरखरीत झाला. इथे ओरखडे पडलेत. ह्यात आता मळ बसेल." भिंगाखाली पाहिले. होते ओरखडे.

मग त्यांनी काचेचे दोन तुकडे मागवले. मध्ये चिमूटभर चूर्ण टाकून तुकडे कानाशी धरून घासले. "क करकरतंय. ग गप्प आहे. जे करकरतं ते डागाबरोबर भांडंही खातं."

प्रत्यक्ष प्रमाण म्हणजे फक्त डोळे, असा आपला आळशी समज. ह्या बाईंनी डोळे जवळजवळ वर्ज्यच केले आहेत. सिंककडे त्या बघतही नाहीत, नुसत्या हात लावतात. ह्याला म्हणतात साधना. लेखात घ्यायचे.

शुक्रवार, ७ मार्च

सकाळचा चहा आजपासून सासूबाईंनी आपल्याकडे घेतला. "तुमच्या हातचा चहा म्हणजे वॉर्डात उरलेला काढा." साखर कुठे ठेवलीय ते सांगू लागलो तर म्हणाल्या, "डावीकडून तिसरी. ह्या घरात मी काय आज येतेय?" स्वतः त्या बिनसाखरेचा घेतात. मला दोन चमचे घातले.

चव वेगळी होती. खारट म्हणावी तर नाही, गोड तर नाहीच. जिभेवर काहीतरी निसरडे. रंग एखाद्या जुन्या शिसवी कपाटासारखा. पण सासूने करून दिलेल्या चहाबद्दल जावयाने मत देण्याची सोय कोणत्याही शास्त्रात नाही.

"कसा झालाय?"

"फार वेगळा. सुंदर."

"मग रोज देईन."

शनिवार, ८ मार्च

बाथरूम. नळाखाली गंजाचा तांबडा ओघळ आणि बेसिनच्या कडेला क्षारांचा पांढरा थर. ओघळावर घ ने चमत्कार केला, थर मात्र कोणालाच बधला नाही.

एक प्रसंग नोंदवून ठेवतो. बाहेर फोन घ्यायला गेलो होतो. परत आलो तर सासूबाई खाली पाट घेऊन बसल्या होत्या आणि भिंतीवरच्या एका टाइलवर ख ने जीव तोडून घासत होत्या. त्या टाइलवर निळे फूल छापलेले आहे. घर घेतले तेव्हापासून दर चार टाइलांआड एक फूल आहे.

"हा डाग फार चिवट आहे, जावईबापू. अर्धा तास झाला."

मी मनात हसलो. बाथरूममध्ये फुले छापण्याची हौस हा अभिरुचीवरचा डाग आहे, हे माझेही पहिल्यापासूनचे मत. पण इतक्या संयमित उपहासाची मला सासूबाईंकडून अपेक्षा नव्हती. मीही तितक्याच गंभीरपणे म्हणालो, "राहू द्या, आई, हा काही ह्या जन्मी जायचा नाही." त्या जरा थांबल्या. मग उठल्या आणि खोलीत जाऊन बसल्या.

फुलाची एक पाकळी फिकी झाली आहे. ख बद्दल लिहिताना सावध राहायला हवे.

सोमवार, १० मार्च

माझी आम्लपित्ताची तक्रार गेली. वर्षानुवर्षांची जळजळ, तीन डॉक्टर, एक वैद्य. तीन दिवसांत नाहीशी. सासूबाईंचे सान्निध्य जावयाला मानवते, हा अनुभव विरळाच. त्यांना सांगितले तर म्हणाल्या, "वेळेवर चहा. बाकी काही नाही."

हिचा फोन आला. "आई कशी आहे?"

"एकदम उत्तम. माझ्यापेक्षा बरी. दिवसभर माझ्याबरोबर घासतात."

"किल्लीचं काही?"

"किल्लीचा संबंधच येत नाही. घरातच असतात. बाहेर जाऊ या म्हटलं तर नको म्हणतात. घराची इतकी ओढ."

"टीव्ही बघते?"

"ऐकतात. पाठ करून बसतात. म्हणतात, त्या बायकांचे चेहरे बघवत नाहीत."

पलीकडून काही वेळ काहीच आवाज आला नाही. तिकडे रेंज नसावी.

बुधवार, १२ मार्च

ही सकाळीच परत आली. मला फार उत्साह आला होता. आल्या आल्या म्हटले, बस, तुला आईंची कला दाखवतो. त्यांना टेबलाशी बसवले, पुढे चार बशांत चार चूर्णे ठेवली. सासूबाईंनी बोटांनी चिमूट उचलून चारही ओळखली. मी टाळ्या वाजवल्या.

ही वाजवत नव्हती. तिने टेबलावरचा सासूबाईंचा पाण्याचा पेला उचलून वीतभर पलीकडे ठेवला. थोड्या वेळाने सासूबाईंचा हात पहिल्या जागी गेला, रिकाम्या जागेवर मिटला आणि परत आला. हिने पेला त्यांच्या हातात दिला. हिची ही सवय विचित्रच, येते आणि वस्तू हलवते.

"आई, चहा कर ना."

चहा आला. हिने माझ्या कपातला एक घोट घेतला. कप खाली ठेवला. "हा तू कधीपासून पितोयस?"

"शुक्रवारपासून. का?"

ही फळीपाशी गेली. डावीकडून तिसरी बरणी उचलली. झाकणावर ग. उलटी केली. बुडाला माझ्याच अक्षरात 'खाण्याचा सोडा'. मग शेजारची उचलली, ख. बुडाला 'ब्लीच'.

"एक घर चुकलं असतं तर?" तिचा आवाज हळू होता. "वर्णमालेतलं एक अक्षर."

आता मात्र माझ्याही डोक्यात प्रकाश पडला. चहाचे सोडा, पाकळीचेही कळले.

सासूबाई ताठ बसून होत्या. "मला दिसतं."

"आई."

"उजेड दिसतो. माणसं दिसतात. साखर आणि सोडा दोन्ही पांढरेच असतात, त्यात डोळे काय करणार?" मग पदर सारखा करून, "मोतीबिंदू आहे. दोन्हीकडे. दोन वर्षं झाली. मला काय कळत नाही?"

"मग ऑपरेशन का नाही केलंस? तू स्वतः मेट्रन होतीस. हजारो लोकांना समजावलंस."

"समजावलं. आणि घरी सोडतानाही मीच असायचे दारात. पट्टी बांधली की चार दिवस कोणाकडे तरी राहावं लागतं. चार दिवसांसाठी लेकीकडे गेलेल्या म्हाताऱ्या मी पाहिल्यात. एकही परत आपल्या घरी गेली नाही. घर भाड्याने दिलं जातं, भांडी वाटली जातात. सगळं प्रेमाने."

आमच्या घरात कोणती खोली त्यांना द्यायची हे आमचे ठरलेले होते. प्रेमानेच ठरले होते.

"आता तुम्हाला सापडलं," सासूबाई म्हणाल्या. "लावा सील."

"आई, असं बोलू नकोस."

"का? तुझ्या लिफ्टचं तू काय करतेस? दोर झिजला म्हणून बंद करतेस. दोर बदलल्यावर चालू करतेस की जिन्यात तशीच बंद ठेवतेस, वय झालं म्हणून?"

ही बरणीचे झाकण फिरवत राहिली. उघडत नव्हती, नुसते फिरवत होती. शेवटी म्हणाली, "चालू करते."

"जावईबापू, ऐकलंत? तुम्ही साक्षीदार."

साक्षीदार म्हणून माझी ख्याती गेल्या आठवड्यात काय झाली ते पाहता हा विश्वास थोर होता.

गुरुवार, १३ मार्च

चारही बरण्या बाल्कनीत, कपाटात, कुलपात. चहा मी केला. जळजळ परत आली.

बुधवार, १९ मार्च

उजव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. डावा नंतर. सासूबाईंनी टेबलावर पडल्या पडल्या नर्सला चादरीची घडी कशी घालावी ते सांगितले. डॉक्टर बाहेर येऊन आम्हाला म्हणाले, "ऑपरेशन सोपं होतं. पेशंट अवघड."

गुरुवार, २० मार्च

पट्टी निघाली. घरी आणले. सासूबाई सोफ्यावर बसल्या आणि समोर उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "अरे देवा. जावईबापू, तुम्ही म्हातारे झालात."

मग त्या हिच्याकडे वळल्या आणि बघतच राहिल्या. इतका वेळ की ही अवघडली. पदराने तिचे कपाळ पुसले, केस मागे सारले, पुन्हा पाहिले. माझ्याबद्दल जे फटकन बोलल्या त्यातले एक अक्षर हिच्याबद्दल नाही. हिच्या चेहऱ्यावर असे काय होते कोण जाणे. दोघींचेही डोळे ओले झाले म्हणून मी आठवण केली की ऑपरेशनच्या डोळ्याला पाणी लागू द्यायचे नाही. दोघींनी माझ्याकडे एकाच नजरेने पाहिले.

संध्याकाळी सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या. सिंकसमोर उभ्या राहिल्या. चार चौकोन चार छटांचे, मध्ये चिकटपट्टीची घाण.

"हे तुम्ही घासलंत?"

"शास्त्रीय पद्धतीने."

"आणि लोकांना सांगणार आहात?"

मंगळवार, २५ मार्च

लेख दिला. निष्कर्ष असा: सर्वांत जास्त चमकवणारे चूर्णच सर्वांत जास्त ओरखडे पाडते, आणि त्या ओरखड्यांत उद्याचा मळ बसतो. गंजाला घ, रोजच्या डागांना सोडा आणि थोडा धीर. क अतिकठीण प्रसंगी. ब्लीच दुसऱ्या कशात कधीही मिसळू नये. शेवटी एक आग्रहाची सूचना, की चूर्णे खाद्यपदार्थांच्या बरणीत ठेवू नयेत आणि अकारविल्हे तर मुळीच नाही.

संपादिकेने शेवटचे वाक्य कापले. "सर, असं कोण करेल?"

रविवार, ३० मार्च

सासूबाई गेल्या. पाइप केव्हाच बदलून झाले होते. हिने शब्द पाळला. बॅग स्वतः भरून दिली, स्वतः त्यांना पोहोचवले. जिन्यापर्यंतच, वर येऊ नकोस म्हणाल्या. घरी येऊन ही कपाट आवरत बसली. आवरलेलेच कपाट. मी विचारले, आता काळजी कसली, त्यांना दिसतंय. ही म्हणाली, "म्हणूनच." मला अर्थ लागला नाही.

बुधवार, २ एप्रिल

सकाळी सासूबाईंचा फोन. हिला नाही, मला.

"जावईबापू, तुमच्या त्या बरण्या आहेत का अजून? सगळ्या घेऊन या. घासण्याही. आणि तुमच्या बायकोला काही सांगू नका."

बाल्कनीतले कपाट रिकामे करून गेलो. सासूबाईंनी दार फक्त माझ्या खांद्याएवढे उघडले, मला आत घेतले आणि कडी लावली.

हे घर म्हणजे आमच्याकडे स्वच्छतेचे उदाहरण. सासूबाईंचा दंडक असा की आल्यागेल्याने चपला जिन्यातच काढायच्या, फरशी मळता कामा नये. मी त्या स्वयंपाकघरात किती वेळा बसलो असेन. आज त्या मला हाताला धरून एकेक दाखवत गेल्या. नळाच्या मागे काळपट बुरशी. शेगडीभोवती तेलाचा पिवळा थर, बोट ठेवले तर चिकटून वर येणारा. कपांच्या आत तपकिरी वर्तुळे. खिडकीच्या तावदानावर कोणीतरी बोटाने काढलेली रेघ आणि रेघेवर पुन्हा धूळ.

"दोन वर्षं मी ह्यात राहिले," त्या म्हणाल्या. "आणि त्या वरच्या मजल्यावरच्या बाईंना शिकवत होते, फडका कसा पिळायचा." त्या हसल्या, पण ते हसणे पुढे गेले नाही. "तुम्ही दोघं दर महिन्याला यायचात. तुम्हाला दिसलं नाही?"

खरे सांगितले. नाही दिसले.

"तुमचा प्रश्नच नाही," त्या म्हणाल्या. सांत्वन होते असे मी धरतो.

मी सिंक घेतले, त्यांनी शेगडी. सोडा आधी, मग क. त्यांचा हात जुनाच, जोरकस, पण आता त्या प्रत्येक फटकाऱ्यानंतर मान खाली घालून बघत होत्या. बऱ्याच वेळाने कपांपर्यंत पोहोचलो होतो तेव्हा बेल वाजली.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले. "सांगितलंत?"

"देवाशप्पथ नाही."

दाराच्या भोकातून पाहिले. ही. कामावर निघालेली होती सकाळी. एका हातात बादली, दुसऱ्यात लांब दांड्याचा ब्रश, केसांना फडके बांधलेले. कपाट रिकामे दिसले असणार.

"आई, मीच आहे," बाहेरून आवाज आला. "उघड."

सासूबाई हलल्या नाहीत. हात काळे, पदर खोचलेला, नाकाला भुकटी लागलेली. दाराकडे तोंड करून विचारले, "तुला माहीत होतं?"

बाहेर बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. "हो."

"केव्हापासून?"

"बरंच झालं."

"आणि तरी इथे बसून चहा प्यायचीस? त्या कपांतून?"

"तूच करायचीस ना," ही बाहेरून म्हणाली.

सासूबाई सिंकच्या काठाला धरून उभ्या राहिल्या. मला वाटले, आता नाही उघडायच्या. वाटले, बादली घेऊन हिला परत जावे लागेल, आणि काहीतरी कायमचे बंद होईल. मी तसाच उभा होतो, हातात अर्धा घासलेला कप. मला काहीही सुचत नव्हते, आणि सुचत नाही हे तरी ह्या वेळी मला नीट कळत होते.

सासूबाईंनी नळ सोडून हात धुतले. खोचलेला पदर सोडून नीट घेतला, नाक पुसले. मग जाऊन स्वतः कडी काढली आणि वाट अडवून उभ्या राहिल्या.

"ये," मेट्रनच्या आवाजात म्हणाल्या. "पण चपला बाहेर."